नग मोजून उतर

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गवार निवडत बसले होते. "आत्या, मला पहिलं बँक ऑडिट मिळालं. नांदेड जिल्ह्यातली शाखा, एप्रिलचे पहिले दहा दिवस. ऑफिसनं लॅपटॉपही दिलाय," असं तू एका दमात सांगितलंस. तुझ्या आवाजातला आनंद ऐकू आला आणि त्याच वेळी माझ्या पोटात गोळाही आला. ऑडिटची मला काळजी नाही. ताळेबंद तुला वाचता येतो, जे येत नाही ते तुझे सर शिकवतील. पण रात्रीच्या गाडीनं, एकटीनं, लॅपटॉप घेऊन जायचं कसं हे सीएच्या कुठल्याच पेपरात नाही. मी ते ३१ वर्षं गावोगावच्या शाखा फिरून शिकले आणि त्यातला एक धडा फार महागात पडला. फोनवर सांगायला गेले की तू नुसतं "हो गं, हो गं" करतेस, म्हणून लिहूनच पाठवते आहे. सावकाश वाच.

तो महागातला धडा आधी सांगते. २००९ चा एप्रिल. एका पतसंस्थेचं ११ दिवसांचं काम संपवून मी रात्रीच्या गाडीनं परत येत होते. स्लीपरचा डबा, खालचा बर्थ. सुटकेस बर्थखालच्या कडीला साखळीनं बांधली होती. लॅपटॉपची बॅग रात्रभर उशाला, तिचा पट्टा दंडात अडकवलेला. रात्री माझं काही चुकलं नाही. चुकलं ते पहाटे. पाचच्या सुमाराला एका जंक्शनला जाग आली. उठून बसले, पट्टा दंडातून काढला, बॅग शेजारी ठेवली आणि केस बांधायला दोन्ही हात वर घेतले. तेवढ्यात फलाटावरून खिडकीशी एक मुलगा आला. "ताई, तुमचं काहीतरी खाली पडलं बघा." मी खिडकीच्या गजांना डोकं टेकवून खाली पाहिलं. खाली काही नव्हतं. मान वळवली तेव्हा शेजारची जागा रिकामी होती आणि गाडी हलली होती.

त्या मुलानं आणि बॅग उचलणाऱ्या त्याच्या साथीदारानं वेळ किती विचारानं निवडली होती हे मला नंतर कळलं. गाडी उभी असताना बॅग नेली तर आपण मागे धावतो, ओरडतो, माणसं गोळा होतात. गाडी सुटता सुटता नेली की तो फलाटावर आणि आपण डब्यात. म्हणून गाडी स्टेशनात शिरायला लागली की बॅगेवर हात, आणि फलाट पुरता मागे पडेपर्यंत तो हात काढायचा नाही. केस बांधायचे असोत, चहा घ्यायचा असो, कोणी काही विचारो. या काळात खिडकीबाहेरच्या कुठल्याही हाकेला उत्तर द्यायचं नाही. तुझं खरंच काही पडलं असेल तर ते गेलं असं समज. लॅपटॉपपेक्षा महाग असं त्या खिडकीतून काही पडू शकत नाही.

लॅपटॉपची किंमत मी वर्षभरात विसरले. आत जे होतं ते आजही विसरलेले नाही. साडेतीन हजार ठेवीदारांची यादी होती. कोणाची किती ठेव, कोणाचा पत्ता काय, वारस म्हणून कोणाचं नाव. विधवा बायका, सेवानिवृत्त मास्तर, ऊसतोडीचे पैसे साठवणारे लोक. शिवाय ११ दिवसांचं काम, ज्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. पतसंस्थेच्या अध्यक्षांना सांगायला मी स्वतः परत गेले. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, त्या यादीत माझ्या आईचंही नाव आहे." त्या यादीचा कोणी गैरवापर केल्याचं पुढे कानावर आलं नाही, पण पुढचे कित्येक महिने अनोळखी नंबर दिसला की माझ्या हाताला घाम सुटायचा.

म्हणून तुला पहिली गोष्ट ही सांगते. तू जे घेऊन निघणार आहेस ते यंत्र तुझ्या ऑफिसचं आहे, पण आतली माहिती तिसऱ्याच माणसांची आहे. त्यांनी ती तुला दिलेली नाही, बँकेला दिली आणि बँकेनं विश्वासानं तुमच्यापुढे उघडली. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यात अशिलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय आणि २०२३ मध्ये तर वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा वेगळा कायदा झाला. पण कायद्याचं राहू दे. त्या आईच्या नावाची काळजी घ्यायची आहे, एवढं लक्षात ठेवलंस तरी पुढचं सगळं आपोआप नीट करशील.

आणि ती काळजी निघायच्या आदल्या रात्री घरीच घ्यायची असते. गाडीत बसल्यावर फार थोडं उरतं.

त्या दिवसापर्यंत मी लॅपटॉपच्या पासवर्डला कुलूप समजत होते. ती नुसती कडी आहे. चार स्क्रू काढून आतली डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली की पासवर्ड न टाकता सगळं वाचता येतं. खरं कुलूप म्हणजे डिस्कवर लिहिलेलं सगळंच सांकेतिक करून टाकणं. विंडोजमध्ये त्या सोयीचं नाव बिटलॉकर, अ‍ॅपलच्या लॅपटॉपवर फाइलव्हॉल्ट. ते चालू असलं की चोराच्या हाती डिस्क लागली तरी त्याला अर्थ नसलेली अक्षरं दिसतात. तुझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ते चालू आहे का, हे उद्याच संगणकाचं पाहणाऱ्याला विचार. विचारायला लाजू नकोस. नसेल तर चालू करून घेतल्याशिवाय बँकेची एकही फाइल त्यात घालू नकोस. बिटलॉकरची ४८ आकड्यांची एक राखीव किल्ली असते. पासवर्ड विसरला, यंत्र बिघडलं की तीच कामाला येते. ती कागदावर लिहून एक प्रत ऑफिसात आणि एक घरी कपाटात ठेव. लॅपटॉपच्या बॅगेत ती चिठ्ठी कधीही असता कामा नये. मी एका सहकाऱ्याच्या बॅगेत लॅपटॉपवरच चिकटवलेला पासवर्ड पाहिलाय, पिवळ्या चिठ्ठीवर, सुवाच्य अक्षरात.

दुसरं, लॅपटॉप पूर्ण बंद करून बॅगेत घाल. नुसतं झाकण मिटलं की तो बंद होत नाही, झोपतो. झोपलेल्या यंत्राच्या स्मरणात त्या कुलपाची किल्ली उघडीच असते, म्हणजे आपण केलेली सगळी व्यवस्था अर्धी पडते. शिवाय हल्लीचे लॅपटॉप मधूनच स्वतःहून जागे होतात, बॅगेत हवा खेळत नाही आणि बाहेर काढावं तर तव्यासारखा तापलेला, बॅटरी संपलेली. शट डाउन करायचं, दिवा गेल्याची खात्री करायची, मग पिशवीत. दोन मिनिटं लागतात.

तिसरं म्हणजे प्रत. तुझी पणजी पंढरपूरला निघाली की पैसे तीन ठिकाणी ठेवायची. थोडे बटव्यात, थोडे कनवटीला आणि थोडे सोबतच्या शेजारणीच्या गाठोड्यात. एक गेलं तर दोन राहतात. तुझ्या कामाचंही तसंच व्हायला हवं. एक प्रत लॅपटॉपवर. एक पेनड्राइव्हवर, त्यालाही तसंच कुलूप लावून, आणि तो पेनड्राइव्ह तुझ्या अंगावरच्या खिशात. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवलास तर दोन्ही एकदमच जातील. तिसरी प्रत रोज संध्याकाळी ऑफिसच्या सर्व्हरवर. शाखेतून निघायच्या आधी हे करायचं. लॉजवर गेल्यावर करू म्हटलं की जेवण होतं, डोळे मिटतात आणि राहून जातं.

आणि नको ते नेऊच नकोस. मागच्या वर्षीच्या दुसऱ्या शाखांच्या फाइली, तुझे घरचे फोटो, आधार-पॅनच्या प्रती यांचं नांदेडला काही काम नाही.

आता बॅगेविषयी. काळी, चौकोनी, वर कंपनीचं नाव असलेली बॅग दुरूनच सांगते की आत लॅपटॉप आहे. तू तुझी कॉलेजची जुनी सॅकच ने. आतल्या आच्छादनासाठी मी काय करते सांगू? जुन्या सुती साडीच्या चार-पाच पदरांची गोधडी शिवून तिची पिशवी करते, तळाला दोन पदर जास्त. लॅपटॉप पडतो तो बहुतेक कोपऱ्यावर पडतो, म्हणून जाडी कोपऱ्यांना आणि तळाला हवी. पण ती पिशवी बंद यंत्रासाठीच. चालू लॅपटॉप गोधडीवर, गादीवर, उशीवर ठेवू नकोस, खालची हवेची भोकं बुजतात.

चार्जरचा ठोकळा लॅपटॉपच्या कप्प्यात कधीच घालू नकोस. गर्दीत पाठीवर दाब येतो, तो ठोकळा झाकणात रुततो आणि उघडल्यावर पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर दिसते. न पडता पडदा फुटलेले लॅपटॉप मी पाहिलेत ते या एका कारणानं. डबा आणि पाण्याची बाटली यांना तर वेगळी पिशवीच हवी. आई डब्याला कितीही घट्ट झाकण लावून देवो, आमटीला वाट सापडते. बॅगेच्या तळाशी एक जाड प्लास्टिकची पिशवी घडी करून ठेव. एप्रिलात मराठवाड्यात अवकाळी पाऊस येतो तो सांगून येत नाही. आणि पाण्याचा भरवसा मी कोणत्याच ऋतूत धरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री मी कुर्ल्याहून छातीएवढ्या पाण्यातून चालत होते. यंत्र वाचलं ते भाजीवाल्यानं दिलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्यांमुळे.

भिजलाच तर चालू आहे का ते बघायला बटण दाबू नकोस. चालू असेल तर बटण दाबून धरून बंद कर, चार्जर काढ, उघडून छपरासारखा उलटा उभा कर, पंख्याखाली ठेव आणि कारागिराकडे जाईपर्यंत हात लावू नकोस. तांदळात पुरल्यानं काही होत नाही, उलट कोंडा आत जातो. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवाही नको.

गाडीतल्या रात्रीचं थोडं सांगितलंच. सुटकेस खाली कडीला, सॅक उशाला, पट्टा दंडात. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात डब्यातले चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवायचं रेल्वेचं धोरण आहे, म्हणून घरून पूर्ण चार्ज करून नीघ. दिवसाही वाटेत वायर पसरून लॅपटॉप चार्जिंगला लावू नकोस. कोणाचा तरी पाय अडकतो आणि यंत्र खाली येतं. अनोळखी माणसाचा चहा-बिस्किट नको, कितीही मायेनं दिलं तरी. गुंगीच्या औषधाचे प्रकार आजही होतात. नको म्हणायला कारण द्यावं लागत नाही. "माझा उपास आहे" असं मी म्हणते आणि हसते.

एकट्या बाईच्या प्रवासातली खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही. स्वच्छतागृहात जायचं तर लॅपटॉप कुठे ठेवायचा? सोबत घरचं माणूस असलं तर प्रश्न नाही. एकटीला मात्र दर चार तासांनी तो पडतो. पुष्कळ मुली यासाठी पाणीच पीत नाहीत आणि पोचल्यावर आजारी पडतात. तसलं काही करू नकोस, एप्रिलात तर मुळीच नको. माझा नियम असा: सॅक बरोबर न्यायची. पाठीला नाही, पोटाशी उलटी अडकवून. आत दारामागे खुंटी असेल तर तिला, नसेल तर एक मजबूत लोखंडी आकडा जवळ बाळगायचा आणि गजाला किंवा कडीला अडकवायचा. ओल्या जमिनीवर टेकवायची नाही. याच कारणानं सॅक हलकी हवी. जड सॅक नेताना कंटाळा येतो आणि "एवढ्यात येते परत" म्हणून ती जागेवर राहते.

अगदीच नेता येत नसेल तर एकाच माणसाला सांग, नजरेला नजर देऊन: "काकू, पाच मिनिटं ही बॅग तुमच्या मांडीवर ठेवते." सगळ्या डब्याला उद्देशून "जरा लक्ष ठेवा हं" म्हटलं की कोणाचंच लक्ष नसतं, प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. लेकरं घेऊन निघालेली बाई मी निवडते. आणि गाडी चालत असताना जायचं, स्टेशन जवळ आल्यावर नाही. पहाटे पोचलीस आणि शाखा दहाला उघडणार असेल तर महिलांच्या प्रतीक्षालयात बस. सुटकेस हवी तर क्लोक रूममध्ये दे, तिथे कुलूप लावलेलंच सामान घेतात. लॅपटॉप मात्र तिथे ठेवायचा नाही.

एसटीत सॅक मांडीवर. वरच्या रॅकवर ठेवलेली बॅग घाटात ब्रेक लागला की खाली येते, पायाशी ठेवलेली धक्के खाते आणि मागच्या माणसाच्या पायाशी सरकते. खासगी बसच्या डिकीत तर लॅपटॉप कधीच द्यायचा नाही. रात्री जेवणाच्या थांब्याला सगळे उतरतात, बस रिकामी होते, दिवे मंद असतात. तेव्हा सॅक घेऊनच खाली उतर. झोपेतून उठून पाठीला सॅक लावणं जिवावर येतं हे मला माहीत आहे. तरीही.

नांदेडहून तालुक्याला बँक गाडी पाठवेल. वाटेत जेवायला उतरलात तर "गाडीतच राहू दे मॅडम, ड्रायव्हर आहे" असं सगळे म्हणतील. तू सॅक घेऊनच उतर. ड्रायव्हरलाही भूक लागते, तोही जेवायला जातो. पुण्याच्या वर्तमानपत्रात "गाडीची काच फोडून लॅपटॉप लंपास" ही बातमी मी इतक्यांदा वाचली आहे की आता तिच्यात नवं काही वाटत नाही. आणि चोर नसला तरी ऊन आहे. लॅपटॉप ४५ अंशांच्या वरच्या जागी ठेवू नये असं अ‍ॅपलसारखे कारखानदारच सांगतात. एप्रिलात तिथे सावलीतच ४० होतात, काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. बॅटरी अशानंच फुगते. लॅपटॉपचा तळ टेबलावर सपाट बसत नसेल, टचपॅड वर आल्यासारखं दिसत असेल तर ती फुगली आहे. मग लॅपटॉप चार्जिंगला लावायचा नाही, सरळ ऑफिसला कळवायचं.

शाखेत बसशील तेव्हा प्लग घालायच्या आधी पॉइंट बघ. जुन्या इमारतींत अर्थिंग नसतं. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला मनगट टेकल्यावर झिणझिण्या आल्या तर प्लग काढ, दुसरा पॉइंट माग आणि वायरमनला बोलवायला सांग. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा जोड लावून काम चालवू नकोस. वीज गेली आणि जनरेटर सुरू होणार असेल तर तेवढा वेळ चार्जर काढून ठेव, बॅटरी त्यासाठीच आहे.

जागेवरून उठताना पडदा कुलूपबंद करायचा, विंडोजचं बटण आणि एल. मॅनेजरच्या केबिनला जायचं असेल तरी. आणि गाडीत, एसटीत, हॉटेलात बँकेची फाइल उघडायचीच नाही. पुण्या-मुंबईत शेजारच्याला तुझ्या पडद्यावरची नावं कळणार नाहीत. तालुक्याच्या गावात कळतात. मी एकदा बसमध्ये थकबाकीदारांची यादी बघत होते. मागच्या सीटवरचा माणूस खाली वाकून म्हणाला, "हा तिसऱ्या नंबरचा माझा साडू." त्या साडूची अडचण त्या दिवशी माझ्यामुळे चव्हाट्यावर आली असती. मी झाकण मिटलं, पण त्यानं वाचायचं ते वाचलं होतं.

इंटरनेट लागलं तर फोनवरून हॉटस्पॉट घे. मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये फुकट वाय-फाय सुरू झालं आणि नंतर शेकडो स्टेशनांवर आलं. गाडीची वेळ बघायला ते चांगलं आहे. ऑफिसचं काम, बँकेचा व्यवहार त्यावर नको, लॉजच्या वाय-फायवरही नको.

लॉजवर खोली सोडताना लॅपटॉप टेबलावर दिसता कामा नये. सुटकेसमध्ये, सुटकेसला कुलूप, सुटकेस खाटेच्या पायाला साखळीनं. गाडीतली ती साखळी इथेही उपयोगी पडते. त्याहून बरं म्हणजे जेवायलाही बरोबर नेणं. मी तेच करायचे.

विमानाचं तुला आत्ता काम नाही, पुढे लागेल म्हणून थोडक्यात सांगते. लॅपटॉप आणि पॉवर बँक केबिनमध्ये, सुटी बॅटरी चेक-इनच्या सामानात चालत नाही. पॉवर बँक १०० वॅट-अवरपर्यंत हवी, २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. तपासणीला ट्रेमध्ये लॅपटॉप तेव्हाच सोड जेव्हा धातुशोधकातून जायला तुझाच नंबर आहे, नाहीतर तो पलीकडे पोचतो आणि तू रांगेत. झाकणावर काहीतरी ठळक खूण कर. एकाच रंगाचे दहा लॅपटॉप ओळीनं येतात आणि घाईत माणसं दुसऱ्याचा उचलतात. माझ्या झाकणावर पैठणीच्या काठाची पट्टी चिकटवलेली आहे. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेनं दुबई, अबू धाबी, दोहा अशा १० विमानतळांवरून येणाऱ्या विमानांत लॅपटॉप केबिनमध्ये न्यायला बंदी केली होती. इथून त्या वाटेनं जाणाऱ्या कितीतरी लोकांना तो सामानात टाकावा लागला. काही महिन्यांत बंदी उठली, पण यंत्र कधीतरी नाइलाजानं हातातून सोडावं लागतं हे लक्षात ठेव. त्या दिवशी डिस्कवरचं ते कुलूपच कामाला येतं.

आता गेलाच तर काय, हेही ऐकून ठेव. २००९ ला मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

आधी ऑफिसला फोन कर. रडायला नंतर वेळ आहे. ते तुझं खातं बंद करतील. फोनवरून तू तुझ्या मेलचा पासवर्ड बदल, सगळ्या यंत्रांवरून बाहेर पडायची सोय असते ती वापर. बँक खात्याला धोका वाटला तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. गाडीत असशील तर रेल्वेची हेल्पलाइन १३९. चालत्या गाडीत टीसी, गार्ड किंवा बंदोबस्तावरच्या पोलिसांकडे तक्रारीचा फॉर्म मिळतो. तो भरून दिला की पुढच्या लोहमार्ग पोलीस ठाण्यात पोचतो, त्यासाठी प्रवास मोडावा लागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते असं स्पष्ट लिहिलंय. इलेक्ट्रॉनिक मार्गानंही देता येते, मग तीन दिवसांत जाऊन सही करायची. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती मागून घे.

आणि एका शब्दाला जप. मी त्या सकाळी ठाण्यात गेले तेव्हा समोरच्या माणसानं मायेनं सांगितलं, "ताई, 'गहाळ' लिहू, लवकर होईल." मी रात्रभराची थकलेली, सही केली. पुढे विम्याचा दावा फेटाळला गेला, कारण माझ्याच सहीनं वस्तू चोरीला न जाता हरवली होती. तुझी वस्तू कोणी नेली असेल तर ती चोरीच आहे. 'चोरी' हाच शब्द लिहून घे, वाचून बघ आणि मगच सही कर. वेळ लागला तर लागू दे. रेल्वे भरपाई देईल अशा आशेवरही राहू नकोस. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १०० प्रमाणे, बुक न केलेलं, आपल्या हातातलं सामान गेलं तर रेल्वेचा किंवा तिच्या माणसाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो.

तक्रारीत पोलीस पहिली गोष्ट विचारतात ती सीरियल नंबर. मोबाइल चोरीला गेला तर सरकारच्या पोर्टलवरून तो बंद करवता येतो, लॅपटॉपला तशी सोय नाही. तो कधी सापडला, दुकानात विकायला आला, तर तुझाच आहे हे सांगणारा एकच पुरावा म्हणजे तळावरचा तो बारीक अक्षरातला नंबर. माझ्याकडे तो लिहिलेला नव्हता. बिल ऑफिसच्या कुठल्या फायलीत आहे हे शोधायलाच नऊ दिवस गेले.

एक सांगायचं राहिलं. चोरीची एवढी भीती घालते आहे, पण मी स्वतः लॅपटॉप विसरलेसुद्धा आहे, एकदा रिक्षाच्या सीटमागच्या कप्प्यात आणि एकदा शाखेजवळच्या चहाच्या टपरीवर. दोन्ही वेळा परत मिळाला, कारण माणसं चांगली होती. रिक्षात तो मागे ठेवू नकोस, मांडीवरच हवा, आणि बसायच्या आधी रिक्षाच्या नंबरचा फोटो काढ. लहानपणी आम्ही गावी जायचो तेव्हा आई प्रत्येक ठिकाणी उतरताना विचारायची, "नग किती?" आम्ही मोठ्यानं मोजायचो: वळकटी एक, ट्रंक दोन, फिरकीचा तांब्या तीन. तेव्हा लाज वाटायची. तू मोठ्यानं नको मोजूस, मनात मोज. सॅक एक, सुटकेस दोन, डब्याची पिशवी तीन. गाडीतून, बसमधून, रिक्षातून, टपरीवरून, प्रत्येक वेळी. तीन भरले की पाऊल उचल.

गोधडीची पिशवी शिवून झाली आहे, निळ्या इरकलीची, तुझ्या आजीचीच साडी. बंद तेवढे लावायचे आहेत. रविवारी ये आणि घेऊन जा. पण त्याआधी, आज रात्री जेवण झाल्यावर, लॅपटॉप बंद कर, उलटा कर आणि तळावरचा नंबर लिहून मला पाठव.